चार लिप्यांचं ग्रंथालय कोहावर चढवताना: माझा अनुभव

नोकरीच्या निमित्ताने गावं बदलत गेली; ग्रंथालयाचं कोहा हे सॉफ्टवेअर सगळीकडे तेच होतं. सोलापुरात मात्र एकाच दालनात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू पुस्तकं, आणि दाखल नोंदवही सगळी देवनागरीत. लिहिणाऱ्याला तेलुगू येत नसेल, तर कानावर पडलं तसं नाव वहीत उतरतं. मग नोंदीवरून पुस्तक सापडत नाही आणि पुस्तकावरून नोंदही नाही.

म्हणून वही समोर ठेवून टाइप करत बसू नये. पुस्तक हातात घ्यावं. वहीतून दाखल क्रमांक, तारीख, किंमत आणि बिलाचा तपशील एवढंच घ्यायचं. बाकी सगळं शीर्षकपृष्ठावरून. कन्नड-तेलुगूचे गठ्ठे आधीच वेगळे करावेत. वाचता येत नसलं तरी ओळखता येतं: तेलुगूत अक्षराच्या डोक्यावर 'बरोबर'सारखी खूण असते, कन्नडमध्ये आडवी, टोकाला वळलेली रेघ. टाइप झालेली शीर्षकं तपासायला शहराच्या पूर्व भागातले निवृत्त तेलुगू शिक्षक सगळ्यांत उपयोगी.

एक्सेलमध्ये दाखल क्रमांक आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) या दोन्ही स्तंभांचा प्रकार आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा. नाहीतर ००४५७ चा ४५७ होतो, आणि तेरा आकडी आयएसबीएनचं ९.७८ आणि पुढे ई असलं काहीतरी होऊन बसतं; तसंच सेव्ह झालं तर मूळ आकडे परत येत नाहीत. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करायची. साध्या सीएसव्हीत चारही लिप्यांची प्रश्नचिन्हं होतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली यादी हाती आली तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

कोहाला नोंदी 'मार्क' या साच्यात लागतात; त्यात प्रत्येक माहितीच्या क्षेत्राला ठरलेला क्रमांक असतो. मार्कएडिट या प्रोग्रॅममधून ती फाइल तयार करताना २४५ मध्ये शीर्षक मूळ लिपीत आणि २४६ मध्ये देवनागरी उच्चार द्यावा, म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याही लिपीत शोधलं तरी पुस्तक मिळतं. ००८ मधल्या ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा कोड येतो. तो रिकामा राहिला तर भाषेनुसार गाळणी लागत नाही. प्रतीची माहिती ९५२ मध्ये जाते. तिथली ए आणि बी (मूळ आणि सध्याचं ग्रंथालय), वाय (साहित्यप्रकार), ओ (वर्गांक) आणि पी ही उपक्षेत्रं भरायचीच; पी म्हणजे बारकोड, तिथे दाखल क्रमांकच टाकावा. एका वेळी पाचशेच नोंदी चढवाव्यात. बारकोड दोनदा आला तर कोहा ती प्रत घेत नाही. आणि अख्खी तुकडीच बिघडली तर 'अनडू इम्पोर्ट' आहे, पण पाच हजारांच्या तुकडीत चूक शोधणार कुठे?

लेखकनामांत खरा वेळ जातो. कन्नड कवी द. रा. बेंद्रे १९४४ ते १९५६ इथल्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. त्यांची कविता 'अंबिकातनयदत्त' या नावाने आहे, त्यामुळे जुनी सूचीकार्डं दोन ठिकाणी सापडू शकतात. अशा वेळी लेखकनामाची एकच अधिकृत नोंद करायची: १०० मध्ये बेंद्रे, ४०० मध्ये टोपणनाव. शिवाय 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' ही कोहातली सेटिंग चालू करून पुन्हा इंडेक्सिंग, म्हणजे शोधसूची नव्याने तयार, करावं लागतं. ते केलं नाही तर ४०० भरूनही शोधात काही येत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

वर्गांक नव्याने देताना 'इतर भाषा' हा कप्पा मोडून टाकावा. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, उर्दू ८९१.४३९, कन्नड ८९४.८१४, तेलुगू ८९४.८२७.

बारकोडला ए-फोर कागदावर ६५ लेबलं येणारा ताव पुरतो. छापताना 'फिट टू पेज' काढून शंभर टक्के आकार ठेवा, नाहीतर खालच्या ओळी सरकतात. प्रिंटर लेझरच हवा. इंकजेटची शाई घामाच्या बोटाने पसरते. एक लेबल शीर्षकपृष्ठामागे, एक बाहेर. बाहेरच्यावर साधी सेलोटेप नको. एप्रिल-मेमध्ये इथली लोखंडी कपाटं इतकी तापतात, की टेपचा गोंद सुटून शेजारच्या पुस्तकाला चिकटतो.

शेवटी वहीतले क्रमांक आणि कोहातले बारकोड शेजारी लावले की न जुळणारे उरतात. त्यावरून लगेच निर्लेखनाचा (पुस्तकं नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव करू नये. आधी महाविद्यालयाच्या विभागांमधली कपाटं, बाइंडिंगला गेलेले गठ्ठे आणि प्राध्यापकांच्या नावावरची जुनी कार्डं पाहावीत. कन्नडच्या कपाटात शिरलेली तेलुगू पुस्तकंही तेव्हाच निघतात.