तुम्ही विचारलंत म्हणून : जूनच्या आकड्यांवर मी का बोलत नाही

दर वर्षी जूनचा शेवटचा आठवडा उजाडला की तेच सुरू होतं. इथे अमेरिकेत मंडळाच्या पिकनिकला, ड्रम कोअरच्या (म्हणजे मैदानावर मार्च करत पितळी वाद्यं आणि ढोल वाजवणाऱ्या, गुणांसाठी स्पर्धा करणाऱ्या तरुणांच्या पथकांच्या) पालकांच्या ग्रुपवर, अगदी पुण्याहून नणंदबाईंच्या फोनवरसुद्धा. "तू इतके शो बघतेस, मग सांग ना, यंदा कोण भारी? काल ओहायोत एकाला 74 मिळाले, कॅलिफोर्नियात दुसऱ्याला 75. म्हणजे दुसरं पुढे, हो ना?" मी उत्तर टाळते. मग कुणाला वाटतं मी भाव खाते, कुणाला वाटतं लेकीच्या जुन्या कोअरची बाजू सांभाळते. तर आता एकदाचं लिहूनच टाकते.

हे दोन आकडे एका फुटपट्टीवर मोजलेलेच नसतात. 100 पैकी 40 गुण जनरल इफेक्टचे, म्हणजे शोच्या एकूण परिणामाचे, 30 व्हिज्युअलचे, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याचे, 30 संगीताचे. ओहायोतले परीक्षक वेगळे, कॅलिफोर्नियातले वेगळे. शिवाय परीक्षकाला त्या रात्रीची क्रमवारी लावायची असते. पुढे अजून चार कोअर यायची असतील तर त्यांच्यासाठी वर जागा ठेवावीच लागते. सुरुवातीला खेळणारी मुलं डोळ्यांवर ऊन घेत मार्च करतात, शेवटची दिव्यांच्या झगमगाटात. कुणाचे गणवेश आलेले नसतात, कुणाचे प्रॉप्स अजून ट्रकमध्येच असतात. आणि पुष्कळांचा शो पुराच नसतो! मेमध्ये स्प्रिंग ट्रेनिंग सुरू होतं, रोज सकाळपासून रात्रीपर्यंत उन्हात तालीम चालते, तरी पहिल्या शोला शेवटची दोन-तीन मिनिटं बसवायची राहिलेली असतात. ज्याचा शेवटच नाही त्याची ज्याचा शेवट आहे त्याच्याशी काय तुलना करायची?

नणंदबाई म्हणतात, आपलं ढोल-ताशा पथकच ना ते. सराव, शिस्त, घामाघूम होणं, हे खरंच सारखं आहे. पण पुण्यात नदीकाठी सराव चालतो तेव्हा रोज रात्री कुणी पथकाला दशांशात गुण देत नाही. इथे पहिल्या संध्याकाळपासून देतात, आणि जूनमध्ये सत्तरीत असलेलं एखादं कोअर ऑगस्टमध्ये 97-98 वर जातं.

बरं, जूनचे आकडे निव्वळ फोल असतात असंही मला म्हणता येत नाही. 2014 साली ब्लू डेव्हिल्स हे कोअर सुरुवातीपासूनच पुढे होतं आणि 99.65 वर संपलं. त्याहून मोठा आकडा आजवर कुणाला मिळालेला नाही. त्या वर्षी जूनमध्ये ज्यांनी सांगितलं ते बरोबर ठरले, मी गप्प बसून काय मिळवलं? त्यावर मी 2008 पुढे करते. बराच काळ ब्लू डेव्हिल्स पुढे, आणि इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या फायनलला फँटम रेजिमेंट हे दुसरं कोअर 98.125, ब्लू डेव्हिल्स 98.100. पाव दशांशाने निकाल. पण मलाही माहीत आहे की असं क्वचित होतं, म्हणून तर सगळ्यांच्या लक्षात राहिलंय.

मी बोलत नाही त्याचं खरं कारण या गणितात नाहीच. ते लेकीच्या शेवटच्या हंगामात आहे. ती 21 वर्षांची, म्हणजे पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. मेलोफोन वाजवायची, फ्रेंच हॉर्नसारखं पितळी वाद्य. त्या वर्षी बॅलडच्या, म्हणजे शोमधल्या संथ भागाच्या, सुरुवातीला तिला सोलो होता, तालाच्या आठच मापांचा. बाकीची हॉर्नलाइन, म्हणजे पितळी वाद्यं वाजवणारी सगळी मुलं, मैदानाच्या मागच्या बाजूला, पाठ करून उभी. मैदानाच्या कडेला मांडलेल्या वाद्यांमधून (त्याला पिट म्हणतात) फक्त व्हायब्राफोनचे सूर, आणि ही पुढे, पन्नास यार्डांच्या रेषेपाशी, माइकसमोर. पाचव्या मापात वर जाणारा एक स्वर होता. तो ती जवळजवळ श्वासानेच काढायची, जरा उशिरा, जाणून उशिरा. पहिल्या शोला तो लागला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं.

त्या रात्रीही शेवट बसलेला नव्हता. एका ठिकाणी सगळे थांबले, ताठ उभे राहिले, आणि लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते कळेना. गुण जाहीर झाले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी लगेच फोनवर दुसऱ्या राज्यातला निकाल काढला आणि बायकोला मोठ्याने म्हणाले, हे कोअर यंदा संपलं. पार्किंग लॉटमध्ये मुलं ट्रकमध्ये सामान भरत होती. लेकीचा ओठ फुटला होता, पण चेहरा फुललेला होता. "ऐकलास ना तो स्वर?" एवढंच विचारलं तिने.

थोड्याच दिवसांत, रात्री उशिरा, कुठल्याशा शाळेच्या जिममधून तिचा फोन आला. "आई, सोलो गेला." परीक्षक शो चालू असताना बोलून रेकॉर्ड करतात त्या टेप स्टाफने ऐकल्या होत्या. बॅलड उशिरा पकड घेतं, असं ठरलं. आता थेट सगळी हॉर्नलाइन उठणार. ती रडली नाही. सकाळपर्यंत नव्या जागा पाठ करायच्या होत्या. नंतर तिचं डॉटबुक मी पाहिलं, मैदानावर कधी कुठे उभं राहायचं ते लिहिलेली, कमरेला लावायची ती छोटी वही. त्या जागेच्या नोंदीवर लाल पेनने 'सोलो' लिहून चौकट केलेली, वर एक आडवी रेघ, आणि खाली पेन्सिलीने नवे आकडे. अक्षर तितकंच नीट.

पुढच्या आठवड्यात गुण वाढले. पालकांच्या ग्रुपवर जल्लोष झाला, बदल फळला म्हणून. अहो, जुलैत दर आठवड्याला सगळ्यांचेच गुण वाढतात. त्यातला कुठला तुकडा त्या कापण्यामुळे आला, हे कुणी सांगू शकेल का?

ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ते नवं बॅलड झालं तेव्हा लोक उभे राहिले. मीही राहिले. चांगलंच होतं ते, नाही कशाला म्हणू? त्याआधीची मी छातीठोकपणे सांगायची की जूनचा शो म्हणजे कच्चा आणि ऑगस्टचा पक्का. आता वाटतं, ते दोन वेगळे शो आहेत. जूनमधला काही रात्रीच जगतो, आणि आपण त्याची आठवण म्हणून फक्त आकडा ठेवतो. यावर ती जुनी मी मला विचारते, की सोलो दुसऱ्या कुणाच्या मुलीचा असता तर तू हेच म्हणाली असतीस का? मला उत्तर देता येत नाही. लेकीचं तर आजही ठाम मत आहे की स्टाफचं बरोबर होतं, ती त्यांच्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं. आम्ही दोघी दर वर्षी यावर वाद घालतो. मला तिचं पटत नाही, तिला माझं.

तेव्हा तुलनाच हवी असेल तर एकाच कोअरच्या दोन रात्री घ्या. काय आलं, काय गेलं, शेवट कधी बसला, कुठला स्वर नाहीसा झाला. त्यावर मी तासभर बोलेन, चहाही करेन. कोण पुढे ते जुलैत सॅन अँटोनियोला बहुतेक सगळे एका छताखाली, एकाच परीक्षक मंडळासमोर उतरले की विचारा. तोवर मला आकडे पाठवू नका.