हरळी जागी झाली: माघातून पाडव्याकडे

थंडीतल्या नोंदीत लॉनबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या: पिवळं पडलंय, आणि तसंच राहू दे. त्यावर खत का देत नाही, असं काहींनी विचारलं. माझं लॉन हरळीचं, म्हणजे दूर्वांचंच, आणि हरळी हे उष्णतेचं गवत. रात्री पारा चौदा-पंधरावर असला की तिची वाढ थांबते, आणि मग दिलेलं खत तणाच्या कामी येतं. माघी गणेश जयंतीला दूर्वा याच लॉनमधून काढल्या, पण तीन पात्यांची एकेक जुडी जमवायला खाली बसून शोधावं लागलं. गवत किती झोपलंय हे त्यावरूनच कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोल्हापुरात लॉनवर करायची सगळी जड कामं महाशिवरात्र ते पाडवा या जेमतेम महिन्यात उरकायची. शिवरात्रीच्या आसपास रात्रीचा गारठा मोडतो आणि नवी पाती फुटायला लागतात. पाडव्यानंतर दुपारचं तापमान पस्तिशीच्या पुढे जातं. त्यात खरडलेलं, टोचलेलं गवत सावरायला फार पाणी मागतं. परदेशी व्हिडिओ बघून चालणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. त्यांच्याकडची बरीच गवतं थंडीत खूश आणि उन्हाळ्यात आजारी असतात, आपलं बरोबर उलटं. त्यांचं वेळापत्रक इथे लावलं तर पैसे त्यांच्यासारखे जातात आणि गवत आपलं जातं.

शिवरात्रीनंतर: कापणी

गवत कापायचं मशीन हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांच्या सिलिंडरचं. कापणीआधी त्याची पाती उद्यमनगरात धार लावून आणली. आपल्या गावात हे सुख आहे, लेथवाल्याला यंत्राचं नाव सांगावं लागत नाही, पातं दाखवलं की पुरे. धार आली की नाही हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरून सिलिंडर हाताने फिरवायचा. कागद सरळ कापला गेला तर गवतही कापलं जाईल, कागद मुडपला तर गवत ओरबाडलं जाईल आणि दुसऱ्या दिवशी शेंडे तांबूस दिसतील.

एरवी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही हा नियम मी पाळतो. वर्षातून या एकाच वेळी तो मोडायचा. थंडीतलं सगळं वाळकं काढून गवत इंचभरावर आणलं. मग दाताळ्याने उभं-आडवं ओढलं. खाली साठलेला वाळक्या काड्यांचा थर निघाला, पोतंभर. हा थर तसाच राहिला तर पाणी वरच्यावर अडतं आणि मुळं खाली जायचा कंटाळा करतात. निघालेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात.

त्यानंतर लॉन भयंकर दिसतं. घरच्यांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

लव्हाळा

यंदाचं खरं काम हे तण काढण्याचं. आमची कॉलनी पंचगंगेच्या पूररेषेत येते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी जवळ आल्याची बातमी आली की आम्ही कुंड्या गच्चीवर चढवतो. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांनी अंगणात गाळ आणून टाकला. गाळ उत्तम, हरळी त्यावर माजली. पण लव्हाळाही त्याच गाळात रुजला आणि आता पूर्वेच्या कोपऱ्यात हरळीपेक्षा त्याचीच पाती उंच दिसतात. हरळी कापली की चार दिवस एकसारखी राहते, लव्हाळा दुसऱ्याच दिवशी डोकं वर काढतो. त्रिकोणी दांडा बोटांत फिरवला की लगेच ओळखू येतो.

हाताने उपटून तो जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण का जात नाही हे समजलं की कामाची पद्धत बदलते. जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते, एकीला दुसरी जमिनीखालच्या धाग्यासारख्या खोडाने जोडलेली. वरची फूट जिवंत असते तोवर माळेतल्या बऱ्याच गाठी गप्प असतात. फूट उपटली, धागा तुटला, की गप्प गाठींना फुटायला मोकळीक मिळते. म्हणून पावसाळ्यात जितका उपटावा तितका दाट येतो.

या गाठींना एका गोष्टीचा मात्र धाक आहे: सुकणं. ओल्या मातीत त्या वर्षानुवर्षं तग धरतात, पण उपसून कडक उन्हात उघड्यावर पसरल्या तर आठवड्याभरात बऱ्याचशा मरतात. म्हणून हे काम फाल्गुनातच. मी पूर्वेचा कोपरा फोर्कने (बागेतल्या काटेरी फावड्याने) वीतभर खोल उचलला. कुदळ वापरली नाही, कुदळीने माळ तुटते आणि तुकडे आत राहतात. ढेकळं हाताने फोडली, गाठी वेचल्या, माती चाळणीतून काढली आणि गाठींसकट चाळणीत उरलेलं सगळं सिमेंटच्या कट्ट्यावर उन्हात पसरलं. कंपोस्टमध्ये या गाठी चुकूनही टाकू नका, तिथे त्यांना ओल मिळते. वाळलेल्या गाठींना सुगंध मस्त येतो, दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. पण माझ्याकडे आहे तेवढ्यात अख्ख्या गल्लीची दिवाळी होईल.

हे चालू असताना दाजी आले. ते कागलकडचे, ऊस करतात. कट्ट्यावरच्या गाठी बघितल्या, शेजारी हरळीला लावलेला पाण्याचा पाईप बघितला आणि म्हणाले, "काय पाव्हणं, आमच्या आज्यापास्नं हरळी काढता काढता कंबर मोडली, आन् तुम्ही तिला पाणी पाजताय व्हय?" यावर उत्तर नाही. शेतकऱ्यापुढे लॉनचं समर्थन करायला मी जातच नाही.

त्यांनी उसातला उपाय सांगितला, हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक. ते पानातून आत जाऊन गाठीपर्यंत पोचतं, आणि पिवळं पडायला दोन-तीन आठवडे लागतात. उसात लव्हाळ्यावर ते चालतं हे खरं. पण माझ्या लॉनमधल्या दूर्वा देवाला जातात आणि शेवंतीचा वाफा तिथून हातभर लांब आहे. शिवाय डब्यावरची मात्रा शेताच्या हिशेबाने लिहिलेली, अंगणाच्या कोपऱ्यासाठी ती मोजत बसायचं म्हणजे अंदाजाचा खेळ. फोर्क बरा. दाजींनी चहा घेतला आणि जाताना स्वतः एक ढेकूळ फोडून दोन गाठी काढून दाखवल्या, मला दिसल्या नव्हत्या त्या.

निकाल: खोदलेल्या जागी लव्हाळ्याची तुरळक फूट परत दिसतेय. चार-पाच पानं यायच्या आत प्रत्येक फूट गाठीसकट काढायची, कारण त्यानंतर ती नव्या गाठी धरायला लागते. एका हंगामात हे संपणार नाही.

होळीच्या आसपास: माती आणि खत

आमच्या भागाची मूळ माती काळी, वर पुराचा गाळ. उन्हाळ्यात खालची माती तडकते आणि पाणी भेगांतून निघून जातं. म्हणून आधी फोर्कने चार-चार बोटांवर टोचून घेतलं. मग पन्हाळ्याकडची तांबडी माती, धुतलेली वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात मिसळून पसरलं. थर पाव इंचाचा, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. माझ्या 300 चौरस फुटांच्या लॉनला एवढा थर द्यायला बारा-तेरा घमेली लागतात. केरसुणी उलटी धरून माती पात्यांमध्ये झाडून बसवली, हे काम दाताळ्यापेक्षा केरसुणी छान करते. शेणखत जुनं आणि पूर्ण कुजलेलंच घ्या, ताज्यातून तणाचं बी येतं. साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, स्वस्त मिळतं, पण तेही कुजवल्याशिवाय नको, ताजं असताना ते तापतं.

आठवड्याने, नवी पाती माती फोडून वर आल्यावर, युरिया: चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे एवढ्या लॉनला पाव किलोपेक्षा थोडा जास्त. वाळूत मिसळून फेकला की सारखा पडतो. पानं कोरडी असताना टाकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर पात्यांवर डाग पडतात.

एक आगाऊ सूचना. होळीची राख बागेत टाकायची हौस अनेकांना असते. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, राखेने ती आणखी तशीच होते, आणि मग जास्वंदीची पानं पिवळी का पडली म्हणून विचारणा सुरू होते. आमच्या गल्लीत होळी लहानच करतात, शेणी पंचगंगा स्मशानभूमीला देतात, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटलाय.

रंगपंचमीला पोरांना लॉनवर येऊ दिलं नाही. लॉनच्या बाबतीत मी वाईट माणूस आहे.

बाकीचं थोडक्यात

मोगरा: माघात पाणी तोडून ताण दिला होता. मग छाटणी, पानं ओरबाडून काढली, आळं खणून शेणखत आणि निंबोळी पेंड. आता कळ्या मोहरीएवढ्या दिसतात. छाटणीनंतर महिना-दीड महिना लागतोच, घाई करून उपयोग नाही.

शेवंती जमिनीपासून चार बोटांवर कापली, काश्या (बुडातून फुटलेले नवे कोंब) जोमात आहेत. पिटुनिया आणि डायँथस संपत आलेत, बी धरतोय. त्यांच्या जागी झिनिया, गॅलार्डिया आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका). दोडका आणि काकडी मांडवावर चढली, भेंडी दोन पानांवर आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला आणि निंबोळी तेल मारलं. परत येईल.

पाणी: रोज शिंपडणं बंद. आठवड्याला इंचभर पाणी, तेही दोनदा विभागून, पहाटे. आमच्या लॉनला ते सातशे लिटरच्या आसपास भरतं. लॉन वाढवायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हा आकडा आधी आपल्या टाकीशी ताडून बघावा. मी तर कुंपणाकडची एक पट्टी कमी करून तिथे गवती चहा लावतोय.

अडलंय ते शेजारच्या आंब्याखाली. तिथे हरळी धरत नाही, तिला सहा तासांचं ऊन लागतं आणि आंबा ते देत नाही. बफेलो ग्रास सावलीत बऱ्यापैकी टिकतं म्हणतात. कोणाच्या अंगणात खरंच टिकलं असेल तर वीतभर तुकडा हवाय, पाडव्याआधी लावीन. बदल्यात शेवंतीच्या काश्या, पांढऱ्या आणि पिवळ्या, हव्या तेवढ्या. लव्हाळाही हवा तेवढा.