फायनल बघायला जरूर जा, पण परतीची बस पावणेबाराची घेऊ नका

पहिल्यांदा तेच सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. "तीनला मॅच सुरू म्हणजे साडेदहाला तुम्ही मोकळ्या," असं तीन जाणत्या माणसांनी सांगितलं होतं. त्या भरवशावर मी नेरूळच्या एल.पी. स्टॉपवरून रात्री पावणेबाराची सांगलीची स्लीपर बुक केली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला वर्ल्ड कपच्या भारत-दक्षिण आफ्रिका फायनलची शेवटची विकेट पडली तेव्हा बारा वाजत आले होते. बस निघून गेली होती. पैसे परत नाहीत.

बरोबर चौदा वर्षांची भाची होती. ऑफस्पिन टाकते, दीप्ती शर्मा तिचं दैवत. तिकिटं तिनेच फोनला चिकटून बसून मिळवली. जातानाचा प्रवास, वाशीला मैत्रिणीकडे आंघोळ, पोहे, सगळं छान झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाऊस दुपारपासून लागलेला. गेटवर छत्री काढून घेतली, पॉवर बँक काढून घेतली, पर्समधली चिल्लरसुद्धा. छत्रीचं म्हणाल तर गेटच्या बाजूला शंभरेक छत्र्यांचा ढीग होता, त्यात माझी कुठली हे रात्री कोण शोधणार? तेव्हा छत्री नेऊच नका, घडी घालून खिशात मावेल असा रेनकोट न्या. वर छप्पर आहे, पण खालच्या रांगांमध्ये वारा पाऊस आत आणतो. फोन सकाळी पूर्ण चार्ज करा आणि तिथे व्हिडिओ काढत बसू नका. रात्री त्याची गरज लागते, कशी ते पुढे येतंच.

जर्सीचं एक सांगते. बाहेर दोरीवर टांगलेल्या निळ्या जर्सी, सगळ्यांच्या पाठीवर विराट. भाचीने स्मृती मानधनाची मागितली. विकणारा म्हणाला, "अठरा नंबरच आहे की! घ्या." दोघांचा नंबर एकच, त्यामुळे त्याचं चूक म्हणता येईना. साडेतीनशे म्हणाला, अडीचशेला दिली. भाचीने आत जाऊन रुमालाची पट्टी पिनांनी लावून विराटचं नाव झाकलं. तुम्ही घरूनच छापून न्या.

टॉस साडेचारनंतर झाला, पहिला चेंडू पाचला पडला. षटकं एकही कापली नाहीत, म्हणजे दोन तास सरळ पुढे गेले. हिशेब तेव्हाच करायला हवा होता.

मॅच तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच आहे, म्हणून थोडक्यात. आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती ४५ करून गेली तेव्हा मी हिरमुसले. पण शफाली वर्माच्या ८७ नी भरपाई केली. ही मुलगी मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून सेमीफायनलला आली. वर कर्णधार हरमनप्रीतने तिच्या हातात चेंडू दिला आणि तिने आफ्रिकेच्या लूस आणि काप दोघींना काढलं! आपले २९८ पुरतील असं मला वाटत होतं, पण त्यांची कर्णधार वोल्वार्ट हलायलाच तयार नव्हती.

सव्वाअकराला बसवाल्याचा फोन. "मॅडम, कुठे आहात?" इकडे वोल्वार्ट शतकाच्या दारात. मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, तू जा. मी येत नाही." बस गेली तरी चालेल, पण आता उठायचं नाही, असं मग माझंही ठरलं. त्यानंतर दीप्तीच्या चेंडूवर वोल्वार्टने उंच मारला, अमनजोत धावत आली, चेंडू हातातून उडाला, परत उडाला, तिसऱ्यांदा पडता पडता एका हातात राहिला. त्या दोन सेकंदांत भाचीने माझ्या दंडात रुतवलेल्या नखांच्या खुणा आजही आहेत. दीप्तीचे पाच बळी, ५२ धावांनी विजय.

बस गेलीच होती, मग घाई कसली? थांबलो. हरमनप्रीत प्रशिक्षक अमोल मुजुमदारांच्या पाया पडली ते पाहिलं. ज्या माणसाने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताची टोपी एकदाही घातली नाही, त्याच्याकडे बघून माझ्या शेजारचे आजोबा चष्मा पुसत होते. मग मुलींनी करंडक जुन्या खेळाडू मिताली राज आणि झूलन गोस्वामीच्या हातात दिला. झूलन रडली, मीही रडले. २०१७ च्या फायनलला लॉर्ड्सवर या दोघींच्या हातून नऊ धावांनी हुकलेला तोच करंडक. यासाठी शेवटची पनवेल लोकल चुकली, त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

दुःख आहे ते नऊशे रुपयांचं.

स्टेडियमपासून एल.पी. एरवी दहा-पंधरा मिनिटांवर. आम्हाला चाळीस लागली. सर्व्हिस रोडवर डबकी, गाड्या एकमेकींना चिकटलेल्या, लहान मुलं झोपेत खांद्यावर, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठेही नाही. चाळीस हजारांच्या आसपास माणसं आत होती, त्यात बायका-मुली एवढ्या, आणि रात्री एक वाजता त्या घरी कशा जाणार याचा विचार कुणी केलेला दिसला नाही. पुढची बस कळंबोलीहून दोनला, असं फोनवर कळलं, तेव्हा फोन चार टक्क्यांवर होता. रिक्षावाला हजार म्हणाला. मीटरने, रात्रीचा सव्वापट धरूनसुद्धा, तीनशेच्या आत व्हायला हवेत. मी हुज्जत घातली तर म्हणाला, "चलो, इंडिया जीत गई, सौ कम."

कळंबोलीची बस भरलेली निघाली. पुण्याची गाडी धरली, स्वारगेटला एसटी बदलली, सोमवारी दुपारी सांगली.

आता जाणाऱ्यांसाठी. दिवस-रात्रीची मॅच असेल तर मुक्काम करा, नातेवाईक नसतील तर वाशी-बेलापूरला खोली आधी घ्या. परत यायचंच असेल तर रात्री दोनच्या आतली बस घेऊ नका. शेवटच्या पनवेल लोकलची वेळ आधी पाहून ठेवा; नेरूळ स्टेशन चालत पंचवीस-तीस मिनिटं, तिकीट दहा रुपये, पनवेलला एसटी मिळतात. दहा रुपये! चपला नकोत, बूट घाला. आणि साडेदहाला मोकळे होऊ म्हणणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा, रिक्षाचे पैसे त्याच्याकडून घ्या.

भाची घरी पोचल्यावर न जेवता अंगणात गेली आणि भिंतीवर चेंडू आपटत बसली. जर्सी तीच, रुमालाची पट्टी एका पिनेवर लोंबत होती.