लेट

शिवाजीनगर कोर्टासमोर भाषांतराची कामं करायला लागून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. डिक्शनरी न उघडण्याइतका आत्मविश्वास आला होता.

एका फ्लॅटच्या खरेदीखताचं मराठी करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घेणारे काका दारात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अख्खं खत त्यांनी पेन्सिल घेऊन वाचलं होतं. "ताई, घर माझं, पैसे माझे, आणि भाडेकरू ठेवायचा नाही, हे कुणी ठरवलं?"

खूण केलेली ओळ होती: 'सदर मिळकतीचा उपभोग भाड्याने न देता व विनाअडथळा घ्यावा.' मुळात होतं 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स'. 'टू लेट'च्या पाट्या वाचत मोठी झालेली मी. लेट म्हणजे भाड्याने देणं, संपलं! मराठी अगदी सफाईदार उतरली होती, हेच जास्त लागलं.

त्यांना बसवून जाडी डिक्शनरी काढली. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एक 'लॅतन', म्हणजे सोडणं, होऊ देणं. भाड्याने देणंही त्यातलंच. दुसरं 'लेत्तन', म्हणजे अडवणं, खोळंबा करणं. काळाच्या ओघात दोघांचं रूप एकच झालं, 'लेट', आणि एकाच शब्दात 'जाऊ दे' आणि 'अडव' नांदू लागले. हॅम्लेट भुतामागे निघतो, सोबती त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो बजावतो की मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन. 1611च्या इंग्रजी बायबलातही 'लेट' अडवण्याच्या अर्थाने येतो. पुढे हा अर्थ बोलण्यातून गेला, मुख्यतः वकिलांच्या कागदांत उरला. आपल्या पासपोर्टातही हेच शब्द आहेत. तिथल्या हिंदीत त्यांचं सरळ 'बिना रोक-टोक' केलंय. पासपोर्ट माझ्या कपाटात कधीचा पडून होता. उघडून वाचतो कोण?

काकांना हॅम्लेटशी देणंघेणं नव्हतं. पण 'लेत्तन' हा उशिरावाल्या लेटच्याच घरातला, हे सांगितल्यावर ते खुलले. "मग सरळ सांगा की! गाडी अडली की लेट होणारच."

मी ओळ बदलली: 'कोणाचीही हरकत वा अडथळा न येता.' काकांनी ती दोनदा वाचली, पेन्सिलीची खूण खोडली आणि खत पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.