रंध्याला चाकं

अमळनेरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांनी लाकूड तासून गुळगुळीत करणारं रंध्याचं मशीन टेकवलं, त्याच दिवशी बाकी सगळ्यांच्या जागा ठरून गेल्या. ३५० किलोचं बिडाचं धूड. फळ्यांची चळत, करवतीचं टेबल, पाण्याचा माठ, सगळ्यांनी त्याच्या कलानं घ्यायचं. आठ फुटी फळी घालायची तर मागंपुढं तेवढी मोकळी जागा हवी, म्हणून मशीन पश्चिमेच्या दारासमोर. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारचं ऊन थेट त्याच्या टेबलावर. तिथं पापड भाजून निघाला असता. रंधा मारणारा तर निघतच होता.

यंदा ठरवलं, त्याला चाकं लावायची.

पहिला नकाशा कागदावर झकास होता. लोखंडी अँगलची चौकट आणि खाली चार कॅस्टर, म्हणजे पत्तीला बसवलेली चाकं. मग पट्टी लावली. चार इंची चाक, वरच्या पत्तीसकट पाच इंच उंची. म्हणजे कमरेचं टेबल बरगडीला येणार, आणि वरून जड असलेलं मशीन आणखी डुगडुगणार. तो कागद चहाच्या ग्लासाखाली गेला. मग चौकटीला बाहेरून कान वेल्ड केले आणि चाकं त्या कानांखाली घेतली. मशीन जमिनीपासून जेमतेम बोटभर वर.

वजनाचा हिशोब मात्र चारानं भागून करायचा नाही. चौरंग डगमगतो, तिवई डगमगत नाही. आमचा कोबा कुठं उंच, कुठं सखल. चारातलं एक चाक कायम अधांतरी राहणार. म्हणून तिनानं भागलं, ११७ आले, आणि चाकं १५० किलोवाली आणली, नायलॉनची. दोन सरळ चालणारी, दोन गरगर फिरणारी. चारही फिरणारी घेतली असती तर ढकलायचं एकीकडं आणि मशीन जाणार तिसरीकडं.

ब्रेकवर माझा विश्वास नाही. ब्रेक चाक धरतो, थरथर धरत नाही. म्हणून चार कोपऱ्यांत १६ एमएमचे बोल्ट, पायांसारखे. एका फेऱ्याला दोन एमएम उचल. शेवटचा अर्धा फेरा लेव्हलच्या बुडबुड्याकडं बघत, श्वास रोखून द्यायचा. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात आवडलेलं काम तेच.

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टरचा जॅक आणला. ते जॅकच्या मागोमाग स्वतःही आले. “हाई काय शे भो?” म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पहार हातात घेतली. मशीन वर आलं तसा बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पोटाखाली उजेड पडला. दगडासारखा बसलेला भुसा, चार आण्याचं एक नाणं, आणि काटकोन तपासायचा गंजलेला गुण्या. या गुण्यावरून वडिलांनी एका पोऱ्याला दोन दिवस धारेवर धरलं होतं. तो पोऱ्या मीच.

ढकललं. चाललं! आणि चार फुटांवर खाडकन थांबलं. चाकासमोर अर्ध्या इंचाचा एक स्क्रू आडवा. ३५० किलो एकीकडं आणि तो एवढासा स्क्रू एकीकडं. तेव्हापासून आधी झाडू, मग मशीन.

पूर्वेच्या भिंतीला पोचल्यावर ध्यानात आलं की चाकं मशीनला लागलीत, वायरला नाही. तिथं नवा थ्री-फेजचा पॉइंट काढला, तर मोटर उलटी फिरायला लागली. दोन फेज अदलाबदल झालेले. वायरी बदलल्या, मोटर सरळ झाली, आणि मेमधली दुपार सावलीत गेली.

दसऱ्याला आई झेंडूची माळ आणि ताट घेऊन शेडमध्ये आली. दरवर्षी ती मशीनच्या ज्या अंगाला कुंकू लावते, ते अंग आता भिंतीकडं. जुन्या बोटांचे लाल डाग तिथं चढत गेलेले. ती भिंतीच्या फटीतून वाकून बघायला लागली.

“ह्याचं तोंड तिकडं का केलं?”

“तिकडूनही चालतं, आई.”

“मग चाकं कशाला लावली?”

पाना शोधला, चारही बोल्ट वर घेतले. झाडू मारला. आई ताटातल्या दिव्याला पदराचा आडोसा करून उभी. मी खालच्या बाजूनं हळूच रेटा दिला, मशीन कुरकुरत वळलं.

“अजून थोडं,” आई म्हणाली. “हां. बस.”