खडू त्यांच्या हातात द्या

चर्चमधली रविवारची उपासना संपली आणि चहा सुरू झाला की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच. बहुतेकदा नव्यानं नेमलेले पाळक असतात, कधी शेजारच्या मंडळीतल्या, म्हणजे शेजारच्या चर्चमधल्या, महिला मंडळाच्या सेक्रेटरी. "बाई, लोक येतात, गातात, अर्पण टाकतात आणि घरी जातात. वर्षानुवर्षं तेच चाललंय. यांची आत्मिक वाढ व्हावी म्हणून करायचं तरी काय?" शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत बुधवारचा बायकांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्याकडे आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सुस्त मंडळीबद्दल बोलायचं झालं की आपण बायबलमधल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय उघडतो. त्यात लावदिकीया गावच्या मंडळीला पत्र आहे, तू गार नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस. मीही हा उतारा घेऊन बायकांना कितीदा तरी बोलले असेन. कोमट म्हणजे उत्साह नाही, एवढाच अर्थ मी घेत होते. पुढे त्या गावाच्या पाण्याबद्दल वाचलं. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात येतं. तिथून दहाएक किलोमीटरवर पामुक्कलेचे गरम झरे आहेत, दुखऱ्या अंगाला आराम पडावा म्हणून लोक तिथे अंघोळीला जात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथे पाणी गार, तहान भागवणारं. लावदिकीयात पाणी यायचं ते दगडी नळांतून, आणि चुन्याची पुटं चढलेले ते नळ आजही तिथल्या अवशेषांत पाहायला मिळतात. ते पोचेपर्यंत कोमट होत असणार, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की ऊन पाणी उपयोगाचं, गार पाणीही उपयोगाचं, कोमट मात्र कुणाच्याच कामाचं नाही. हे वाचलं आणि माझा प्रश्नच बदलला. आमच्या बायकांत उत्साह किती आहे हे मोजणं मी सोडलं. त्यांच्यामुळे आज कुणाची तहान भागते, हे पाहू लागले.

त्याच पत्रात पुढे आहे, तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही. लावदिकीया खरोखरच सधन गाव होतं. इ.स. 60 च्या भूकंपात पडलं, तर रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं. आमच्याकडे तसा पैसा नाही, पण वारसा आहे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांच्याशी रोटीव्यवहार तोडला, असं आमच्या घरात सांगतात. आम्ही चौथी पिढी. दगडी चर्च आहे, बाकांवर देणगीदारांची नावं आहेत, नाताळला मंडप पडतो. पणजोबांनी साठवलेल्या विश्वासाच्या व्याजावर आमचं बरं चाललंय, आणि मुद्दलात भर घालायची असते हे आम्ही विसरलो.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. वेद, पुराणं, बायबल असं सगळं वाचलेली ती बाई. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन तोवर सुरू झालेलं होतं, देशोदेशी नाव झालं होतं. तरीही आपण अजून पोचलेलो नाही असं तिला म्हणता आलं! 1905 च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींच्या आपल्या आश्रमात, त्यांनी रोज सकाळची प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला सत्तरेक जणी जमत. मागणं काय होतं, तर भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आपल्यासकट. हा 'आपल्यासकट' मला फार मोठा वाटतो. त्याच वर्षी मुक्तीत जे संजीवन झालं, म्हणजे विश्वासाला जी नवी जाग आली, त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलतात. त्यानंतर मुली गटागटानं आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, हे मात्र सांगायचं राहून जातं. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेव्हा त्याचे खिळे जुळवायला छापखान्यात मुक्तीतल्याच मुली होत्या. त्यांना कुणी नुसतं बसून ऐकायला ठेवलं नव्हतं.

मी मात्र बायकांना नेमकं तेच करायला लावलं होतं. सव्वा तास मी बोलायचे, त्या माना हलवायच्या. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण तुम्हाला अजून दूधच लागतं. दूधच पाजत राहिलेली मी होते. तीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला हे कळायला नको? फळ्यावर गणित मास्तरच सोडवत राहिले तर पोराला येत नाही. खडू त्याच्या हातात द्यावा लागतो.

म्हणून एका बुधवारी सांगितलं, पुढच्या वेळी मी बोलणार नाही. दर आठवड्याला एकीनं उतारा आपल्या शब्दांत सांगायचा. पहिल्या महिन्यात दोघी यायच्या थांबल्या. एकीनं तोंडावर सांगितलं की आम्ही शिकायला येतो, परीक्षा द्यायला नाही. तिची समजूत मला शेवटपर्यंत घालता आली नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

चौथ्या आठवड्यात एका मावशीची पाळी आली. चौदा वर्षं त्या शेवटच्या चटईवर, दाराजवळ बसत आलेल्या. वाचता येत नाही. नातवाकडून मार्कचा पाचवा अध्याय रोज रात्री वाचून घेत होत्या. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तो भाग. मावशी उभ्या राहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि बराच वेळ गप्पच. मग म्हणाल्या, "ती मागून आली होती. बरी झाली तशी मागच्या मागं निघून गेली असती, कुणाला कळलं पण नसतं. पण त्यानं जाऊ नाही दिलं. समोर बोलावलं, सगळ्यांपुढं बोलायला लावलं." एवढं बोलून खाली बसल्या. मी तो उतारा निदान वीसेक वेळा शिकवला असेल. ही गोष्ट मला कधीच दिसली नव्हती.

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही, मीच त्यांना एक नाव दिलं. नवरा वारल्यापासून चर्चला न येणारी एक तरुण बाई होती, तिच्याकडे जायचं. भाषण नको, बोलावणं नको, फक्त जाऊन बसायचं आणि निघताना तिचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मावशींनी अशी प्रार्थना कधी केलेली नव्हती. दाराबाहेर चप्पल घालताना पुटपुटल्या आणि तशाच परत आल्या, असं त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आत बसून केली.

म्हणून कुणी पाळक विचारतात तेव्हा मी नवा कार्यक्रम सुचवत नाही. तुमच्या यादीतल्या कोणत्या माणसाकडे आजवर कुणी काहीच सोपवलेलं नाही, एवढंच विचारते. बहुतेकांना नाव लगेच आठवतं. मग सांगते की त्यांना एक उतारा द्या आणि एक घर द्या. पुढचे सहा महिने त्यांच्याकडून मोठं काही होत नसलं तरी ते काम परत काढून घेऊ नका. आणि तुमच्या सकाळच्या प्रार्थनेत त्यांच्याबरोबर स्वतःचंही नाव घ्या.

मावशी अजून दाराजवळच बसतात. त्यांच्या शेजारी आता ती तरुण बाई असते.