मिरजेला गाडी बदलायची

पुण्याहून आजोळी निघायचं ठरलं की घरातली प्रत्येक सूचना एकाच ठिकाणी येऊन थांबायची. होल्डॉलचे पट्टे नीट आवळ, मिरजेला गाडी बदलायचीय. फिरकीच्या तांब्याचं झाकण घट्ट लाव, मिरजेला गाडी बदलायचीय. चपला बाकाखाली लांब सरकवल्या तर वडील म्हणायचे, "मिरजेला शोधत बसशील हं." आजोळ कवठे महांकाळला. मिरजेपासून फार लांब नाही, पण मधे रुळांचं माप, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरच, बदलायचं आणि रूळ बदलला की माणसानं मुकाट्यानं खाली उतरायचं.

१९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मापाचा, झाला. त्याआधी अरुंद मापाची मीटरगेज थेट पुण्यापर्यंत यायची. त्यानंतर बरीच वर्षं मिरजेत तिन्ही मापं एकत्र नांदली. आमची रात्रभर धावत आलेली १६७६ मिलिमीटरवाली, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी बरोबर एक मीटरची आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी ७६२ मिलिमीटरची छोटी गाडी. छोट्या गाडीला मोठी माणसं 'बार्शी लाइट' म्हणत. त्या नावाची रेल्वे कंपनी १९५४ सालीच सरकारजमा झाली होती, पण आजोबांच्या तोंडून ते नाव काही गेलं नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभी केली. हलके रूळ, एका आसावर ५ टनांपलीकडे भार नाही, म्हणजे खर्च कमी. १८९७ साली ती बार्शीला पोचली आणि मिरजेला यायला १९२७ उजाडलं. घाई तिच्या रक्तातच नव्हती.

मिरजेला उतरायचो ते पहाटे. डोळ्यांत झोप, हातात तांब्या, आणि फलाटावर कुणीच कुणाच्या गाडीचं नाही. हुबळीकडची माणसं कानडीत हमालाशी हुज्जत घालतायत, मुंबईकर घड्याळं बघतायत, पंढरपूरला निघालेल्या म्हाताऱ्या बोचक्यावर डोकं टेकून स्वस्थ. त्यांना कसलीच चिंता नसायची. गाडी येईल तेव्हा येईल, विठोबा कुठं पळून चाललाय? आईला मात्र सामान मोजायचा छंद. पुण्याला मोजलेले डाग मिरजेला भरले नाहीत की पुन्हा पहिल्यापासून. हमाल लाल सदऱ्यावरचा पितळी बिल्ला चाचपत उभा राहायचा आणि विचारायचा, "ताई, छोट्या गाडीला ना? मग एवढी घाई कशाला?"

माणसं निदान आपल्या पायांनी गाडी बदलत. मालाचं तसं नव्हतं. एका मापाच्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, पोती उतरवायची, पाठीवरून वाहायची आणि दुसऱ्या मापाच्या वाघिणीत रचायची. आम्हा मुलांना ती मोठी करमणूक वाटे. पाठ ज्याची त्याला काय वाटे, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

एकदा एक गृहस्थ तंबोरा घेऊन आमच्याच बाकावर बसले होते. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव, त्यात नवल नव्हतं. होल्डॉल, ट्रंक, पिशव्या सगळं त्यांनी हमालाच्या हवाली केलं, पण गवसणी घातलेला तो भोपळा मांडीवरून हलवेनात. वडिलांनी विषय काढला तो अर्थातच थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब मिरजेला स्थायिक झालेले. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून ते एका लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. वडिलांचं सांगून झालं तेव्हा मी आमच्या फलाटाकडे जरा घाबरूनच पाहिलं होतं.

छोटी गाडी लागली की मात्र वडिलांचा सगळा सुसंस्कृतपणा गळून पडे. खिडकीतून आधी रुमाल आत जायचा, मग पिशवी, मग मी. समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, त्यामुळे ओळख झाल्याशिवाय इलाजच नसे. आरग, सलगरे अशी स्टेशनं येत. स्टेशनमास्तर वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेलं, गाडीला पुढे जायच्या परवानगीचं टोकन वर धरून उभे राहत, ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात घालून ते उचले. त्या हातासाठी मी खिडकीतून वाकायची आणि डोळ्यांत कोळशाचा कण घेऊन परत बसायची. आई पदराचं टोक ओलं करून तो काढायची. लगेच पुढचं स्टेशन, पुन्हा मी खिडकीत.

चालत्या छोट्या गाडीतून उतरून, शेतातल्या बोरी झोडपून परत गाडी पकडणाऱ्या माणसाची गोष्ट त्या भागातल्या प्रत्येक घरात आहे. मी असा माणूस कधी पाहिला नाही. मामा म्हणतो, त्यानं पाहिलाय. मामानं बरंच काही पाहिलंय.

१९९२ साली रेल्वेनं सगळीकडे एकच माप करायचं धोरण घेतलं. आधी मीटरगेज गेली, नंतर बार्शी लाइटचीही ब्रॉडगेज झाली. आता मिरजेला उतरून फलाट बदलला तरी रूळ तेच आणि डबे तेच. याचं मला वाईट वाटतं असं मी चारचौघांत बोलून जाते, पण २०१६ चा एप्रिल आठवला की आवाज जरा खाली येतो. त्या उन्हाळ्यात लातूर तहानेनं व्याकुळ झालं होतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, पुढे तर ५० वाघिणींची गाडी धावली. वाट पंढरपूर-कुर्डुवाडीचीच, म्हणजे आमच्या छोट्या गाडीची. रूळ जुन्या मापाचे असते, तर ते सगळं पाणी मिरजेच्या फलाटावर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत ओतावं लागलं असतं. आमच्या त्या बिल्लेवाल्या हमालाला हे काम सांगितलं असतं, तर त्यानं जे उत्तर दिलं असतं ते इथे छापता येण्यासारखं नाही.